सही कोणत्या कामासाठी?

माझ्याकडे रिंगो स्टारची सही आहे, असं यवतमाळात कोणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कोणत्या कामासाठी घेतली?"

प्रश्न चुकीचा नाही. आमच्याकडे सही कामासाठीच घेतात. तलाठ्याची सातबाऱ्यावर, ग्रामसेवकाची दाखल्यावर, सोसायटीच्या सचिवाची कर्जाच्या कागदावर. राळेगाव, घाटंजी, नेर, आर्णी, कुठूनही सकाळी यवतमाळात शिरणारी एस.टी. पाहा, तिच्यातले निम्मे लोक कोणाच्या तरी सहीसाठीच निघालेले असतात आणि उरलेले निम्मे काल मिळाली नाही म्हणून परत आलेले असतात. अशा जिल्ह्यात एक निवृत्तीला टेकलेला मास्तर, कुठलाही अर्ज न करता, लिव्हरपूलच्या एका ड्रमवाल्याची सही पारदर्शक पाकिटात घालून कपाटात कुलूपबंद ठेवतो, हे कोणाला पटावं? आमच्या शेजारच्या काकाजींनी तो कागद उलटसुलट करून पाहिला, उजेडात धरला आणि म्हणाले, "सर, गोल शिक्का कुठी हाय याच्यावर?"

काकाजींचं आयुष्य जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेलं. रुई, सरकी, गाठी आणि पावत्या. शिक्क्याशिवाय कागद म्हणजे त्यांच्या लेखी रद्दी. मी त्यांना समजावलं, की हा माणूस आता सही देत नाही, म्हणून या कागदाला किंमत. रिंगोने २००८ साली एक छोटीशी चित्रफीत काढून जगाला कळवून टाकलं, की २० ऑक्टोबरनंतर आलेल्या टपालावर सही होणार नाही, पत्रं सरळ कचऱ्यात जातील. वर शांती आणि प्रेम असा आशीर्वादही दिला. हे मात्र काकाजींना ताबडतोब समजलं.

"म्हंजे साहेबानं सह्या बंद केल्या म्हना ना! आपल्याइकडं बी होते एक असे. पन ते आशीर्वाद नव्हते देत."

हा नाद मला ऐंशीच्या दशकात लागला. तेव्हा यवतमाळात रॉक संगीत म्हणजे नागपूरहून आलेल्या मावसभावाची एक कॅसेट, आणि तिच्यातही दुसऱ्या बाजूला भीमसेन जोशी. गाणं ऐकून जीव भरेना, म्हणून मी लंडनला पत्रं धाडायला लागलो. त्या काळी परदेशी कलावंताकडून उत्तर हवं असेल तर पत्रासोबत आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन पाठवायचं असे. हे कूपन म्हणजे टपाल संघटनेची हुंडीच. तिकडच्या पोस्टात दिलं की तिकडचं तिकीट मिळे. १९०७ पासून जगभर चाललेली ही सोय एका खिडकीवर मागितली तेव्हा आतल्या साहेबांनी मला आधी मनिऑर्डरचा फॉर्म दिला, मग रेडिओ लायसन्सबद्दल विचारलं आणि शेवटी सहानुभूतीने म्हणाले, "मुलगी तिकडं दिली काय?" मी तेव्हा अकरावीत होतो.

उत्तर आलं. काही महिन्यांनी आलं, पण आलं. जाड पाकीट, आत चकचकीत फोटो आणि फोटोवर झोकदार सही. मी गल्लीभर मिरवून आलो. आईने पोळ्या लाटता लाटता हात पुसला, बोट ओलं केलं आणि सहीवरून फिरवलं. शाई जागची हलली नाही. "छापील आहे," ती म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली. पुढे मी सह्यांच्या जाणकारांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं मागवून वाचली. त्यांत आईच्या निदानापेक्षा फार वेगळं काही नव्हतं. ते लोक बोटाऐवजी भिंग वापरतात इतकंच. (तुम्हीही भिंगच वापरा. सही खरी निघाली तर ओल्या बोटाने ती खरी असल्याचं कळतं आणि लगेच नाहीशीही होते.)

या पुस्तकांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली: ज्याची सही सर्वांत जास्त लोकांना हवी असते, त्याची सही सर्वांत जास्त दुसरेच लोक करतात. रिंगोच्या बीटल्स या बँडच्या सह्यांचंच घ्या. साठच्या दशकात चौघांच्या मागे जग लागलेलं. सह्यांच्या वह्या, फोटो, पोस्टकार्डं यांचे ढीग येत. तेव्हा गाडी हाकणं, सामान उचलणं आणि दारं अडवणं ही कामं करणारे दोघे, नील ॲस्पिनॉल आणि मॅल एव्हान्स, फावल्या वेळात चौघांच्याही सह्या ठोकत. कधी हे चौघेच एकमेकांच्या सह्या करून मोकळे होत. म्हणजे जॉनची सही खऱ्या बीटलनेच केलेली, पण तो बीटल पॉल! ही खरी धरायची की खोटी, यावर लिलावघरांचे जाणकार तासन्‌तास बोलू शकतात. आमच्या शाळेत रजेच्या अर्जावर वडलांची सही थोरला भाऊ करायचा. हेडमास्तर ती मान्य करायचे, कारण घरातलीच आहे. मला हेडमास्तरांचा निकाल अजूनही जास्त योग्य वाटतो.

चौघांतल्या जॉर्ज हॅरिसनची आई लुईझ ही तर याहून मोठी बाई. पोराला आलेल्या चाहत्यांच्या पत्रांना ती स्वतः, स्वतःच्या नावाने, ढिगाने उत्तरं लिहायची. माझ्याकडे तिचं पत्र नाही. असतं तर मी ते रिंगोच्या वर ठेवलं असतं.

सही खरी की खोटी हे ओळखण्याचं एक सूत्र आहे, आणि ते आमच्या बँकेच्या सूत्राच्या बरोबर उलटं आहे. जाणकार म्हणतात, खऱ्या माणसाची सही दर वेळी थोडी वेगळी येते. कधी घाई, कधी गर्दी, कधी पाठीवर कागद ठेवलेला, कधी हातात दुसरं काही. रेघेला वेग असतो, शेवटचं अक्षर पळून गेलेलं असतं. जी सही सावकाश, नीटनेटकी, अक्षर न् अक्षर लागावं अशी काढलेली, ती बहुधा बनावट. बनावट करणारा चित्र काढत असतो; सही करणारा निघायच्या घाईत असतो.

हे सगळं मी बँकेच्या खिडकीत उभा राहून सांगितलं. कारण तिथे माझी सही जुळत नव्हती. माझा चेक, माझं खातं, मी समोर हजर, पण नमुना सहीतला 'क' जसा वळला होता तसा आता वळेना. मी म्हटलं, "मॅडम, सही थोडी वेगळी आहे हाच तर ती खरी असल्याचा पुरावा." मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही इथं बसून वीसदा सराव करा आणि मग करा." म्हणजे माझीच सही मी बनावट करावी, असा तो अधिकृत सल्ला.

तंतोतंत जुळणाऱ्या सह्यांचं काय होतं, ते बॉब डिलनने २०२२ साली दाखवून दिलं. त्याच्या 'द फिलॉसॉफी ऑफ मॉडर्न साँग' या पुस्तकाच्या ९०० प्रती हाताने सही केलेल्या म्हणून जवळपास ६०० डॉलरला एक अशा विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतीचे फोटो एकमेकांना दाखवले, आणि पाहतात तर सही केसाइतकीही इकडची तिकडे नाही. यंत्राने केलेली! प्रकाशकाने पैसे परत केले. डिलनने माफी मागितली. चक्कर येण्याचा त्रास होता, म्हणून यंत्राचा आधार घेतला, असं सांगितलं. नोबेल मिळालेला माणूस, त्याच्या सह्या जगाने नाकारल्या, का, तर त्या जुळत होत्या. त्याने आमच्या बँकेत खातं काढलं असतं तर त्या खिडकीवर आजवर पास झालेला तो सर्वांत निर्दोष ग्राहक ठरला असता.

बनावट सह्यांचा धंदा अमेरिकेत केवढा फोफावला होता, याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथल्या एफ.बी.आय.ने नव्वदच्या दशकात एक मोठी टोळी शोधून १९९९ मध्ये तिच्यावर धाडी घातल्या. मुख्य माल खेळाडूंच्या सह्यांचा. पण जप्त केलेल्या मालात बेसबॉलचे असे चेंडू निघाले, ज्यांवर मदर तेरेसांची सही होती. मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं: कोलकात्याचा तो आश्रम, समोर रुग्णांची रांग, आणि मदर बसून चेंडूंवर सह्या करताहेत. बनावट करणाऱ्याच्या धंद्याला नव्हे, पण धाडसाला मी तेव्हा मनातल्या मनात दाद दिली.

रॉकवाल्यांच्या सह्यांत असं धाडस कमी, घाई जास्त. जाड टोकाचं काळं शार्पी पेन बाजारात आलं १९६४ साली. त्यामुळे '१९६३ मध्ये समक्ष घेतलेली' म्हणून कोणी शार्पीने केलेली सही दाखवली तर नमस्कार करून उठावं. फोटो कोणत्या वर्षीचा आणि सही करणारा कधी गेला, हेही पाहावं. काही कलावंत आपल्या मृत्यूनंतर निघालेल्या रेकॉर्डवर सही करून गेलेले आढळतात. आणि सहीवर कोणाचं नाव असेल, म्हणजे 'अमक्याला सप्रेम' वगैरे, तर भाव पडतो, कारण विकत घेणाऱ्याचं नाव अमका नसतं. हे मला कधी पटलं नाही. आमच्या घरातल्या निम्म्या स्टीलच्या डब्यांवर भलत्याच माणसांची नावं कोरलेली आहेत. त्यांतली साखर काही कमी गोड लागत नाही. मी अशाच सह्या घेतो. स्वस्त पडतात. माझ्या संग्रहातल्या बऱ्याच सह्या कोणा बार्बराला आणि कोणा कीथला दिलेल्या आहेत. अमेरिकेतला भाचा त्या शोधतो आणि दिवाळीला येताना अनारशांच्या बदल्यात देतो.

समक्ष सही घ्यायची तर माणूस गावात यायला हवा. रॉकवाले महाराष्ट्रात आले नाहीत असं नाही. यवतमाळला आले नाहीत. १९६६ मध्ये जॉर्ज हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला. ओळख लपवायला मिशा वाढवल्या, ताजमध्ये खोटं नाव लावलं, आणि तरी लिफ्टवाल्या पोराने ओळखलंच. १९६८ च्या जानेवारीत तो पुन्हा आला आणि एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेला. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे पेज आणि प्लँट कुलाब्यातल्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात शिरले आणि तिथल्याच वाद्यांवर वाजवायला लागले. १९८० मध्ये पोलीस हा बँड रंगभवनात वाजवून गेला. (ही बातमी मी यवतमाळात सांगितली तेव्हा समोरच्याने विचारलं, "बंदोबस्ताले?") १९९६ मध्ये मायकल जॅक्सन अंधेरीत नाचून गेला आणि जाताना हॉटेलच्या उशीवर भारताला उद्देशून मजकूर लिहून खाली सही करून गेला. आमच्या घरात उशीच्या अभ्र्यावर पेनाचा डाग पडला तर काय होतं ते मला माहीत आहे. पण माणूस मोठा असला की डागाचा लिलाव होतो.

या सगळ्यांत मला चटका लावणारा माणूस मात्र फ्रेडी मर्क्युरी. तो आला नव्हता, तो इथलाच होता. झांजीबारच्या पारशी घरातला फारुख बलसारा १९५५ साली पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला तेव्हा आठ वर्षांचा होता. तिथेच पोरांना जमवून त्याने हेक्टिक्स नावाचा बँड काढला, आणि स्वतः पियानोवर बसला. कित्येक वर्षं सातारा जिल्ह्यात जगातला एक थोर रॉक गायक रोज रांगेत उभा राहून जेवत होता, आणि एकाही मराठी माणसाला त्याची सही घ्यावीशी वाटली नाही. घेतली असती तरी ती 'बलसारा' अशी असती. 'मर्क्युरी' हे नाव त्याने १९७० च्या सुमारास इंग्लंडात लावलं. तेव्हा पाचगणीच्या कोणी तुम्हाला शाळकरी वहीतली 'फ्रेडी मर्क्युरी' अशी सही दाखवली, तर चहा घ्या आणि निघा. 'एफ. बलसारा' दिसली, तर चहा न घेताच मला फोन करा.

२०२३ मध्ये लंडनला सदबीच्या लिलावात त्याच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा हस्तलिखित कच्चा खर्डा १३ लाख ८० हजार पौंडांना गेला. आपले १४ कोटी रुपये झाले. काकाजींनी बातमी ऐकली, डोळे मिटले, क्विंटलला सात हजार धरून मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाले, "वीस हजार क्विंटल कापूस!" मग मी त्यांना त्या कागदाचा फोटो दाखवला. त्यावर आधी 'मंगोलियन' लिहून ते खोडलेलं आहे. काकाजी बराच वेळ त्या खोडलेल्या शब्दाकडे पाहत राहिले.

"खाडाखोडीपाशी बारकी सही हाय का त्याची?"

"नाही दिसत."

"मंग अर्ज वापस."

आमच्या घरात सह्यांची स्वतंत्र वर्गवारी आहे आणि ती मी केलेली नाही. १९७३ साली यवतमाळात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. वडलांनी गर्दीत घुसून त्यांची सही घेतली. ती चौकटीत बसवलेली, दिवाणखान्यात, देवाच्या फोटोंपासून दोन वीत अंतरावर आहे. रिंगो, बार्बरा आणि कीथ हे लोखंडी कपाटात, फ्रीजच्या वॉरंटी कार्डाखाली. गदिमांवर शिक्का नाही, जावक क्रमांक नाही, तरी काकाजींनी कधी आक्षेप घेतलेला नाही. उलट त्या चौकटीसमोरून जाताना ते चष्मा सारखा करतात. मी एकदा सौभाग्यवतींना सुचवलं, की रिंगोलाही बाहेर जागा मिळावी. तिने विचारलं, "त्यांनी गीतरामायणासारखं काय लिहिलंय?" रिंगोने लिहिलेली गाणी मी मनात मोजली आणि विषय बदलला.

पण यवतमाळचा आणि रॉकचा काहीच संबंध नाही, असं जे नागपूरचे माझे दोन-तीन छंदबंधू हसून म्हणतात, ते मात्र मी ऐकून घेत नाही. संबंध आहे, आणि तो कापसाचा आहे.

आमची शकुंतला गाडी कित्येकांनी पाहिली असेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर, अरुंद रुळांवरून, चालत्या माणसाशी गप्पा मारत जाणारी. कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी विलायती कंपनीने टाकलेली लाइन. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं आणि १९९४ पर्यंत धावलं. मँचेस्टरहून यवतमाळला येऊन इतकी वर्षं कार्यक्रम करणारा दुसरा कलावंत मला माहीत नाही. ही लाइन टाकली जाण्याच्या कितीतरी आधीपासून वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' या नावाने, म्हणजे आपल्या उमरावतीच्या नावाने, ओळखला जात होता. अमेरिकेत यादवी पेटली, १८६१ ते १८६५ तिकडचा कापूस अडला, तेव्हा तर लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या काळ्या जमिनीकडे डोळे लावले. पुढे अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस परत सुरू झाल्यावर त्यांनी आपला आखूड धागा नाकारायला सुरुवात केली आणि आपल्या गाठी जपानकडे वळल्या, तो भाग वेगळा. व्यापारी कुठलाही असो, गरज सरली की धाग्याची लांबी मोजतो.

आता ऐका. या लिव्हरपूलच्या कापूस बाजारात १९१६ साली चौदा वर्षांचा एक पोरगा नमुने पोचवायच्या कामावर लागला. ए. हॅने अँड कंपनी, कापसाचे दलाल. कागदात गुंडाळलेले रुईचे नमुने घेऊन या पेढीतून त्या पेढीत पळायचं. पुढे तो तिथेच विक्रेता झाला. संध्याकाळी ट्रंपेट वाजवायचा, स्वतःचा जॅझ बँड होता. त्याचं नाव जिम मॅकार्टनी. त्याच्या थोरल्या मुलाचं नाव पॉल.

हे मी काकाजींना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्या छंदाबद्दल आदर दिसला.

"बाप कापसातला? मंग हे आतापर्यंत सांगतलं काऊन नाई, सर? तो त आपला मानूस निंगाला!"

मग त्यांनी रीतसर चौकशी केली. अडत होती की पगारी? पगारी. नमुना हातानं पाहे की यंत्रानं? त्या काळी हातानेच. बोटांत धरून, ओढून. पोट्ट्यानं बापाचा धंदा काऊन नाई धरला? मी म्हटलं, धंदा बसला होता. महायुद्धात सरकारने कापसाचा व्यापार हातात घेतला, बाजार बंद पडला, नंतर सुरू झाला तरी पूर्वीची रया राहिली नाही.

"घर कोन चालवे मंग?"

"मुख्य पगार आईचा. ती सुईण होती. पॉल चौदा वर्षांचा असताना गेली."

काकाजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्यासारकंच हाय की सारं." बापाने पोराला ट्रंपेट आणून दिला होता, पण ट्रंपेट तोंडाला लावून गाता येत नाही म्हणून पोराने तो देऊन गिटार घेतली, हेही मी सांगितलं. त्यावर काकाजींचा अभिप्राय व्यापारी होता: "बदलाबदलीत फायदा झाला."

तेव्हापासून माझ्या संग्रहाची दिशा बदलली आहे. पॉल मॅकार्टनीची सही पैसे मोजले की मिळते, आणि सध्या ती माझ्या पगाराच्या आवाक्यात नाही. जिम मॅकार्टनीची सही मात्र कोणी शोधतच नाही. कापसाच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर, भावाच्या पत्रावर, दलालीच्या बिलावर ती असू शकते. तो कागद लिव्हरपूलहून मुंबईच्या पेढीवर, आणि तिथून एखाद्या गाठीच्या हिशेबासोबत इकडे आलेला असणं अवघड आहे, पण काकाजींच्या मते अशक्य नाही, आणि कापसाच्या कागदांबाबत मी त्यांचा शब्द अंतिम मानतो.

म्हणून ही विनंती. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, दारव्हा, पुसद, दिग्रस, उमरखेड, जिथे जिथे जुन्या जिनिंगच्या आणि अडतीच्या पेढ्या होत्या, तिथल्या मंडळींनी यंदाच्या दिवाळीच्या सफाईत माळ्यावरच्या वह्या आणि पत्रांची पुडकी एकदा उघडून पाहावीत. उधईने सोडलेलं जे काही असेल त्यात 'लिव्हरपूल' किंवा 'हॅने' असं काही दिसलं, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मला मारा. योग्य ती किंमत देईन, काकाजी साक्षीदार राहतील. ओलं बोट फिरवू नका, मागे पेनाने आजोबांचं नाव लिहू नका, आणि हात जोडून सांगतो, कागद चांगला टिकावा म्हणून त्याचं लॅमिनेशन करून आणू नका.